कॅनडातला आदिवासींशी सलोखा: सरकारचा पैसा कसा सुटला, कुठे गेला, कुठे अडला

ओवी_विनिपेग (धागाकर्ती)

३० सप्टेंबर, म्हणजे निवासी शाळांत नेलेल्या आदिवासी मुलांच्या आठवणीत नारिंगी शर्ट घालायचा दिवस, जवळ आला की इथल्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी दोन मेसेज फिरतात. एक म्हणजे मुलांसाठी नारिंगी टीशर्ट कुठे मिळेल, आणि दुसरा, "हे अजून किती वर्षं चालणार, सरकार यांच्यावर किती पैसा ओतणार". पहिल्याला लगेच उत्तर मिळतं. दुसऱ्यावर चारपाच अंगठे पडतात आणि विषय तिथेच मिटतो. मला तो तसा मिटलेला नकोय म्हणून हा धागा. लांबलाय, सवडीने वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं मागचं. १८८० च्या दशकापासून ते थेट १९९० च्या दशकापर्यंत कॅनडात निवासी शाळा होत्या, पैसा केंद्र सरकारचा आणि कारभार चर्चचा. साधारण दीड लाख फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी (कॅनडातले तीन आदिवासी समाजगट) मुलांना त्यात नेलं. १९२० ला कायदा बदलून सक्तीच केली, म्हणजे आईबापांनी मूल द्यायला नकार दिला तर त्यांच्यावरच कारवाई. गेल्या गेल्या केस कापायचे, घरचे कपडे काढून घ्यायचे, आपली भाषा बोललं तर मार. आणि सरकारला कळत नव्हतं अशातला भाग नाही. डॉ. पीटर ब्राइस हा सरकारचाच वैद्यकीय अधिकारी, त्याने १९०७ मध्ये प्रेअरीतल्या (इथल्या सपाट, गवताळ प्रांतांतल्या) शाळा फिरून रिपोर्ट दिला की मुलं टीबीने मरतायत, खोल्यांना धड हवा नाही, आजारी आणि धडधाकट मुलं एकत्र कोंबलीयेत. त्यावर काही झालं नाही. शेवटी नोकरीतून बाहेर पडल्यावर १९२२ मध्ये त्याने ते सगळं स्वतः छापलं.

आता पैशाचं. बहुतेकांची समजूत असते की सरकारचं मन द्रवलं, त्यांनी सत्यशोधन आणि सलोखा आयोग नेमला (यापुढे टीआरसी लिहिते), माफी मागितली आणि निधी दिला. क्रम तसा नाही. १९९० मध्ये फिल फाँटेन या मॅनिटोबातल्या नेत्याने शाळेत स्वतःवर झालेल्या अत्याचाराबद्दल जाहीरपणे तोंड उघडलं. मग हळूहळू लोक कोर्टात गेले, एकेक करून हजारो दावे उभे राहिले, सरकार आणि चर्च दोघांनाही ते झेपेनात आणि २००६ ला तडजोड झाली. शाळेतल्या पहिल्या वर्षाचे १० हजार डॉलर, पुढच्या प्रत्येक वर्षाचे ३ हजार, अत्याचाराच्या दाव्यांची वेगळी सुनावणी, आणि त्याच करारातल्या एका कलमाने ६ कोटी डॉलर टीआरसीला. म्हणजे आज ज्या आयोगाचं नाव जगभर घेतात तो सरकारने आपणहून बसवलेला नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीच भरपाईच्या वाटाघाटीत सांगितलं की नुसते पैसे नकोत, आमचं ऐकून घ्या आणि लिहून ठेवा.

तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत माफी मागितली ११ जून २००८ ला, म्हणजे तडजोड लागू झाल्यावर. ती माफी अनेकांच्या लेखी खरंच मोलाची होती, म्हातारी माणसं टीव्हीपुढे बसून रडली, ते मी अजिबात कमी लेखत नाही. पण त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट बघा. टीआरसीने शाळांमधून परत न आलेल्या मुलांचा आणि त्यांच्या कबरींचा शोध घ्यायला १५ लाख डॉलर मागितले. सरकार नाही म्हणालं. पंधरा लाख! एका देशाच्या तिजोरीला हा आकडा काय असतो? मे २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियात कॅम्लूप्सच्या जुन्या निवासी शाळेपाशी तिथल्या फर्स्ट नेशनने जमिनीखालचं रडार फिरवून संभाव्य कबरींची बातमी दिली, सगळं जग हादरलं, आणि मग त्याच वर्षी सरकारने कोट्यवधी डॉलर जाहीर केले. मधल्या बारा वर्षांत किती साक्षीदार गेले असतील याचा विचार करा.

माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारी मदत मोजताना समारंभ बघू नका. कॅमेरे गेल्यावर कंटाळवाण्या कामाला पैसा चालू राहिला का ते बघा. कागदपत्रं शोधणं, पाण्याचा प्लँट, समुपदेशक, भाषेचे वर्ग. तिथेच प्रत्येक वेळी हात आखडलाय.

तुमचे अनुभव लिहा, वेगळं मत असेल तर तेही लिहा.

---

मंजिरी_स्कार्बरो

ओवीताई, बरं झालं काढलास धागा. मी इथे शाळेत मदतनीस म्हणून काम करते, लहान मुलांच्या वर्गात. नारिंगी शर्टाची गोष्ट बऱ्याच आपल्या पालकांना माहीत नसते, शाळेकडून मेसेज येतो म्हणून शर्ट घालून पाठवतात. फिलिस वेबस्टॅड ही ब्रिटिश कोलंबियातली बाई, १९७३ ला सहा वर्षांची असताना विल्यम्स लेकजवळच्या मिशन शाळेत गेली. आजीने हौसेने नवाकोरा नारिंगी शर्ट घेऊन दिलेला. पहिल्याच दिवशी तो अंगावरून उतरवून घेतला, परत कधी मिळालाच नाही. बस एवढीच गोष्ट. मी सहा वर्षांच्या पोरांना ती सांगते तेव्हा त्यांना इतिहास, कायदा काही सांगावं लागत नाही. एक मुलगा गेल्या वर्षी विचारत होता की मग तिच्या आजीला कोणी सांगितलं का. मला उत्तर देता आलं नाही.

२०१३ ला लोकांनीच हा दिवस सुरू केला, सरकारी सुट्टी झाली २०२१ ला. आणि ती पण केंद्र सरकारच्या नोकरांना, बँकांना वगैरे. आमच्या ऑन्टारिओत शाळा चालूच असतात. काहींना वाटतं सुट्टी हवी, माझं मत उलट आहे, शाळा चालू असली तरच मुलांशी बोलणं होतं, नाहीतर लाँग वीकेंड होऊन जाईल. पण वर्गात बोलायला जी माणसं यायला हवीत, म्हणजे त्या समाजातले ज्येष्ठ, त्यांना बोलवायला शाळेकडे बजेट तुटपुंजं असतं. एकच आजोबा पंधरा शाळांत फिरतायत असं चित्र सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दिसतं. ऑक्टोबर उजाडला की कोणी बोलवत नाही.

---

सह्यकडा

वेगळं मत मागितलंय म्हणून लिहितो, राग नसावा.

मी २०१६ ला आलो, कॅलगरीत असतो. जे झालं ते भयंकर झालं याबद्दल दुमत नाहीच. पण ते ना मी केलं ना माझ्या बापजाद्यांनी, आपण तर त्याच इंग्रजांच्या टाचेखाली होतो. मग माझ्या टॅक्समधून हे का? दुसरं म्हणजे, आकडे बघितले तर रक्कम लहान नाहीये. मुलांच्या कल्याण खात्याच्या केसमध्ये २३०० कोटी डॉलर, आदिवासी वस्त्यांना पिण्याचं शुद्ध पाणी नसल्याच्या केसमध्ये ८०० कोटी. एवढं देऊन परिस्थिती सुधारत नसेल तर पैसा हा उपाय आहे का हे विचारायला काय हरकत आहे? मला खरंच समजून घ्यायचंय.

---

ओवी_विनिपेग

@सह्यकडा, राग कसला, हाच प्रश्न ग्रुपवर अंगठ्यांखाली दबतो.

तुम्ही जे दोन आकडे दिलेत ते दोन्ही कोर्टाच्या वाटेने आलेले आहेत, मदत म्हणून वाटलेले नाहीत. मुलांच्या केसचं सांगते. राखीव वस्त्यांवरच्या मुलांच्या कल्याणासाठी केंद्र सरकार बाकीच्या मुलांपेक्षा कमी पैसे देत होतं, म्हणून आदिवासी मुलांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या सिंडी ब्लॅकस्टॉक आणि त्यांच्या संस्थेने २००७ मध्ये मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. निकाल लागला जानेवारी २०१६ ला, की होय, हा भेदभाव आहे. त्यानंतरही न्यायाधिकरणाला आदेशामागून आदेश काढावे लागले. भरपाईला फेडरल कोर्टाची मंजुरी मिळाली २०२३ मध्ये. सोळा वर्षं. ज्या मुलाची तक्रार होती ते या काळात बाप झालं असेल. वेळेवर इतरांच्या बरोबरीने दिलं असतं तर कितीतरी कमी खर्चात भागलं असतं, हा तुमच्या टॅक्सच्याच बाजूचा मुद्दा आहे.

पाण्याचं तर माझ्या घरातलंच उदाहरण. विनिपेगला नळ सोडला की जे पाणी येतं ते शोल लेकचं, दीडशे किलोमीटरहून जास्त लांब जलवाहिनी टाकून १९१९ पासून आणलंय. गोड, स्वच्छ पाणी, शहराला त्याचा अभिमान आहे. त्याच तळ्याकाठी शोल लेक ४० नावाची फर्स्ट नेशन आहे. जलवाहिनीच्या बांधकामात कालवा खणला आणि त्यांची वस्ती बेटासारखी तुटून पडली. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून चालत, आणि बर्फ धड घट्ट नाही धड वितळलेला नाही अशा आठवड्यांमध्ये अडकून. माणसं बर्फातून खाली जाऊन मेलीयेत. आणि १९९७ पासून त्यांना त्याच तळ्याचं पाणी उकळून प्यायचा आदेश, कारण रस्ता नाही म्हणून सामान नेणं महाग आणि सामान नेणं महाग म्हणून शुद्धीकरणाचा प्लँट परवडत नाही. बाटल्यांचं पाणी आणायचे. २४ वर्षं! २०१९ ला रस्ता झाला, फ्रीडम रोड म्हणतात त्याला, केंद्र, प्रांत आणि शहर तिघांनी मिळून पैसे घातले. आणि रस्ता झाल्यावर दोनच वर्षांत, सप्टेंबर २०२१ ला, प्लँट चालू झाला. पैसा उपाय आहे का म्हणून विचारलंत ना, इथे होता. फक्त शंभर वर्षं उशिरा आला.

आणि "मी केलं नाही" बद्दल. खरंय, आपण नाही केलं. पण मी रोज ते पाणी पितेय. जबाबदारी त्याची वाटते मला, कोणाच्या पापाची नाही.

---

अण्णा_पार्ले

वाचतो आहे. उत्तम चर्चा. आमच्या पिढीला कॅनडा म्हणजे स्वच्छ, सुशील देश एवढंच ठाऊक. एक विचारू का, या आयोगाने नेमकं केलं काय? साक्षी घेतल्या म्हणजे आपल्याकडच्या चौकशी आयोगासारखं, बंद खोलीत वकील वगैरे?

---

ओवी_विनिपेग

नाही अण्णा, तिथेच ते वेगळं होतं. अध्यक्ष होते न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर, मॅनिटोबाचेच, स्वतः अनिशिनाबे या फर्स्ट नेशन्स समाजातले. २०२४ मध्ये गेले. २०१० पासून सात मोठे मेळावे झाले, पहिला इथे विनिपेगला. लोक खुर्चीवर येऊन बसायचे आणि हजारोंच्या समोर सांगायचे, हवं तर बंद खोलीतही सांगायची सोय. शेजारी आधार द्यायला प्रशिक्षित माणसं, टिश्यूचे खोके. ओले झालेले टिश्यू कचऱ्यात टाकायचे नाहीत, ते वेगळ्या पिशव्यांत गोळा करून पवित्र अग्नीत द्यायचे. साडेसहा हजारांवर निवेदनं नोंदवली गेली.

उलटतपासणी नाही, कोणाला शिक्षा करायचा अधिकार नाही. काहींना हे कमी वाटतं, की ज्यांनी केलं त्यांची नावं घेऊन काही झालं नाही. मलाही तो सल वाटतो.

आणि हे चालू असतानाच त्याच सरकारशी आयोगाला कागदपत्रांसाठी कोर्टात जावं लागलं. सरकारी अभिलेखागारातली कागदं द्यायची की नाही यावर वाद, जानेवारी २०१३ ला कोर्टाने सांगितलं की द्या. ऑन्टारिओतल्या फोर्ट ऑल्बनीच्या सेंट ॲन्स निवासी शाळेची तर पोलीस तपासाची हजारो पानं सरकारकडे होती, ती २०१४ मध्ये कोर्टाने आदेश दिल्यावर बाहेर आली. त्या शाळेत मुलांना विजेच्या खुर्चीत बसवून झटके द्यायचे, अण्णा. एका हाताने आयोगाला पैसे आणि दुसऱ्या हाताने कपाटाला कुलूप. म्हणूनच मी निधीचा आकडा एकटा बघत नाही.

---

पळसफूल

मी नागपूरची, कामानिमित्त गडचिरोलीत येणंजाणं असतं. वाचताना सारखं आपल्याकडचं आठवत होतं म्हणून लिहिते, विषयांतर वाटलं तर सांगा.

भारतात आदिवासींची संसदेत उभं राहून माफी वगैरे झालेली नाही पण एक गोष्ट झालीय आणि ती लोकांना माहीतच नसते. २००६ चा वनहक्क कायदा काढून बघा, सुरुवातीलाच सरकारने लेखी मान्य केलंय की जंगलात राहणाऱ्या आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. कायद्याच्या पुस्तकात अशी कबुली म्हणजे लहान गोष्ट नाही. पुढचं मात्र ओवी म्हणते तसंच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, साधारण १८०० हेक्टर. कागद हातात आला, जंगल आपलं झालं, पण बांबू तोडून विकायला जायचं तर वाहतुकीचा पास लागतो आणि तो द्यायचा अधिकार वनखात्याने सोडला नव्हता. मग २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री गावात आले, पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं, तेव्हा बांबू हलला. एवढंसं पासबुक! हक्क आणि पासबुक यांच्या मधली दोन वर्षं, त्यात खरी लढाई असते. बाकीच्या गावांना तर तेवढं लक्षही मिळत नाही, वर्षानुवर्षं दावे पडून असतात.

आणि मुलं तोडण्याचं बोलाल तर इंग्रजांनी आपल्याकडेही तेच केलं होतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, पारधी आणि अशा कित्येक जमातींना जन्मानेच चोर ठरवलं. १८९७ च्या दुरुस्तीत तर मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या वसाहतीत ठेवायची तरतूद होती. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट म्हाताऱ्या लोकांना अजून माहीत असेल. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून तो विमुक्त दिन. पण एखाद्या गावात चोरी झाली की पोलीस पहिले कुठे जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा @सह्यकडा, "आपण त्याच टाचेखाली होतो" हे खरं, पण आपल्यातले सगळे सारखे नव्हते खाली.

---

कायदेवाचक

@सह्यकडा यांच्या टॅक्सच्या प्रश्नाला कायद्याच्या बाजूने भर घालतो.

कॅनडातल्या बऱ्याच भागात जमीन जिंकलेली नाही, करार करून घेतलीय. विनिपेग ट्रीटी १ मध्ये येतं, १८७१ चा करार. कॅलगरी ट्रीटी ७, १८७७. हे करार आजही जिवंत आहेत, राज्यघटनेच्या १९८२ च्या कलम ३५ ने त्यांना संरक्षण आहे. ट्रीटी डेला अजूनही टेबल लावून, लाल कोटातला माउंटेड पोलीस बाजूला उभा, प्रत्येक माणसाला रोख ५ डॉलर देतात. दीडशे वर्षांपूर्वी ठरलेली रक्कम, महागाईचा एक पैसा वाढवलेला नाही. बदल्यात जी जमीन घेतली त्यावर शेती, तेल, शहरं सगळं उभं राहिलं.

ऑन्टारिओतल्या ह्युरॉन आणि सुपिरिअर तळ्यांकडच्या रॉबिन्सन करारात (१८५०) तर स्पष्ट लिहिलेलं होतं की जमिनीतून उत्पन्न वाढलं तर रक्कम वाढवायची. १८७५ ला ती ४ डॉलर केली आणि तिथेच ठेवली. ह्युरॉन बाजूच्या लोकांशी २०२३ मध्ये १००० कोटींची तडजोड झाली, आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने फारच कडक शब्दांत सांगितलं की सरकारने दीडशे वर्षं आपला शब्द मोडला. तेव्हा ही थकबाकी आहे. घर विकत घेतलं की आधीच्या मालकाने बुडवलेला घरपट्टीचा बोजा सुद्धा घरासोबत येतो, नवीन मालक म्हणू शकत नाही की तेव्हा मी नव्हतो.

अजून एक, तुम्ही नागरिकत्व घेतलं असेल किंवा घेणार असाल तर शपथ नीट ऐका. टीआरसीच्या ९४ शिफारशींपैकी शेवटची, ९४ वी, आपल्यासारख्यांबद्दलच आहे. जून २०२१ पासून शपथेत फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी लोकांचे मूळ हक्क आणि करारातले हक्क मान्य करणाऱ्या राज्यघटनेचा उल्लेख आहे. ते आपण हात वर करून, मोठ्याने म्हणतो.

---

दर्यावर्दी_मेलबर्न

इकडची बाजू सांगतो, कारण ऑस्ट्रेलियात समारंभ आणि सरकारी पाठबळ दोन्ही कॅनडाच्या आधी सुरू झालं आणि तरी गाडी अडली.

१९९१ मध्ये इथल्या संसदेने सलोख्यासाठी परिषद नेमली, सगळ्या पक्षांनी मिळून, दहा वर्षांची मुदत देऊन. २८ मे २००० ला सिडनीच्या हार्बर ब्रिजवरून अडीच लाखांच्या आसपास माणसं चालली. पण तेव्हाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड माफी म्हणायला तयार नव्हते, खेद व्यक्त केला फक्त. आईबापांपासून तोडलेल्या मुलांबद्दलचा अहवाल १९९७ ला आलेला, माफी आली १३ फेब्रुवारी २००८ ला केव्हिन रड यांच्याकडून. त्यानंतर दरवर्षी त्या फेब्रुवारीत संसदेत प्रगतीचा आढावा द्यायचा असं ठरलं. त्या आढाव्यांमध्ये एकामागून एक उद्दिष्टं हुकत गेलेली दिसतात.

मग १४ ऑक्टोबर २०२३ चं सार्वमत, की संसदेला सल्ला देणारा आदिवासींचा एक कायमचा आवाज घटनेत असावा का. साठ टक्क्यांच्या आसपास लोकांनी नाही म्हटलं, एकही राज्य हो म्हणालं नाही. मी आपल्या लोकांमध्ये हो साठी पत्रकं वाटली होती. दारावर ऐकलेलं एकच वाक्य सांगतो, "आम्हाला याबद्दल कोणी काही सांगितलंच नाही". मराठी, गुजराती, पंजाबी घरांमध्ये किती जणांनी हे म्हटलं सांगू शकत नाही. तीस वर्षं सरकारी सलोखा चालू आहे आणि स्थलांतरितांच्या स्वयंपाकघरापर्यंत तो पोचलाच नाही. सरकारला मत मागायचं तेव्हा आमची आठवण आली, त्याआधी नाही.

सार्वमतानंतर क्वीन्सलँडमध्ये सरकार बदललं आणि करारासाठीचा कायदा आणि सत्यशोधनाची चौकशी दोन्ही गुंडाळले. म्हणून ओवीचा मुद्दा मला पटतो पण एक जोडतो, पाठबळ कायद्यात इतकं घट्ट बसवायला हवं की पुढचं सरकार एका सहीने काढू शकणार नाही.

---

मंजिरी_स्कार्बरो

@दर्यावर्दी, "कोणी सांगितलंच नाही" हे अगदी खरं आहे इथेही. मी नागरिकत्वाच्या परीक्षेचं पुस्तक पाठ केलं होतं, त्यात निवासी शाळांवर फार थोडं होतं. टीआरसीची ९३ वी शिफारस म्हणजे नवीन येणाऱ्यांच्या माहितीपुस्तकात हा इतिहास घाला. पुस्तकाची नवी आवृत्ती करायला सरकारला इतकी वर्षं का लागावीत ते मला समजत नाही, याला तर कोट्यवधी डॉलर लागत नाहीत.

---

सह्यकडा

सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, आभारी आहे. ट्रीटी ७ चं मला माहीत होतं पण पाटीवर वाचण्यापुरतं. थकबाकी असेल तर देणं आलं, ते मान्य.

तरी माझा एक मुद्दा उरतोच. खर्च झालेल्या पैशाचा हिशोब कोण तपासतं? सरकार स्वतःच स्वतःला मार्क देणार आणि स्वतःच सांगणार की बहुतेक शिफारशींवर काम चालू आहे, तर त्याला काय अर्थ? हे मी त्या लोकांच्या विरोधात विचारत नाहीये, त्यांच्याच बाजूने विचारतोय.

---

ओवी_विनिपेग

हा प्रश्न तिथले लोकही तितक्याच पोटतिडकीने विचारतात. टोरंटोची यलोहेड इन्स्टिट्यूट, आदिवासी अभ्यासकांची संस्था, ते दरवर्षी मोजायचे. २०२३ च्या शेवटी त्यांच्या हिशोबाने ९४ पैकी पूर्ण १३, आणि त्या अख्ख्या वर्षात नवीन एकही नाही. सरकारी वेबसाइट बघितली तर "काम चालू" या रकान्यात भरपूर गर्दी. म्हणूनच स्वतंत्र राष्ट्रीय परिषद हवी अशी ५३ वी शिफारस होती, जी दरवर्षी संसदेला आणि लोकांना अहवाल देईल. त्या परिषदेचा कायदा झाला ३० एप्रिल २०२४ ला. अहवाल २०१५ चा, आणि तपासनीस नेमायच्या कायद्याला नऊ वर्षं.

हात आखडण्याची अलीकडची दोन उदाहरणं देते म्हणजे चित्र पूर्ण होईल. कबरी शोधायचा जो निधी होता त्यात एका समाजाला वर्षाला ३० लाखांपर्यंत मिळू शकायचे, २०२४ च्या उन्हाळ्यात ती मर्यादा एकदम ५ लाखांवर आणली. कामं अर्ध्यावर, माणसं नेमलेली, रडारवाल्यांशी करार झालेले. आरडाओरडा झाल्यावर ऑगस्टमध्ये मंत्र्यांनी निर्णय मागे घेतला. त्याच्या आधीचं म्हणजे एबोरिजिनल हीलिंग फाउंडेशन, १९९८ ला ३५ कोटी डॉलर देऊन सुरू केलेलं, गावोगाव समुपदेशनाचे, जखमा भरायचे कार्यक्रम त्यातून चालत. २०१० च्या बजेटमध्ये पुढचे पैसे दिले नाहीत, २०१४ ला ते बंदच झालं. आणि बघा, तेच वर्ष जेव्हा टीआरसीचे मेळावे संपत होते, म्हणजे हजारो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि नेमकं तेव्हा त्यांना सावरणाऱ्या कार्यक्रमांचं दार लागलं. मला याचा राग येतो, अजून येतो.

चांगलं पण सांगते. मॅनिटोबात २०२३ च्या निवडणुकीत तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाने जाहिराती लावल्या होत्या की खून करून टाकलेल्या आदिवासी बायकांचे अवशेष कचऱ्याच्या डेपोत शोधणार नाही म्हणजे नाही, ठाम राहा. मी रोज तो फलक बघत कामाला जायचे. ते हरले, वॅब किन्यू आले, कुठल्याही प्रांताचे पहिले फर्स्ट नेशन्स मुख्यमंत्री. केंद्राने दोन कोटी आणि प्रांताने दोन कोटी घातले, शोध घेतला, आणि २०२५ मध्ये अवशेष सापडले. अशक्य आहे, धोकादायक आहे, पैसे वाया जातील, सगळं सांगून झालं होतं. काही महिन्यांत सापडले. घरच्यांना त्यांच्या मुली पुरता आल्या.

---

अण्णा_पार्ले

ओवी, हा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. शाळांमध्ये गेलेल्या आणि परत न आलेल्या मुलांची नावं तरी कुठे नोंदलेली आहेत का?

---

ओवी_विनिपेग

आहेत अण्णा. युनिव्हर्सिटी ऑफ मॅनिटोबात राष्ट्रीय केंद्र आहे, टीआरसीचे सगळे कागद २०१५ पासून तिथे. ३० सप्टेंबर २०१९ ला त्यांनी लाल कापडाचा पन्नास मीटर लांब पट्टा उलगडला, त्यावर २८०० मुलांची नावं. तेव्हापासून यादी वाढतच गेली, आता चार हजारांच्या पुढे आहे. काहींची पूर्ण नावं नाहीत, नुसतं पहिलं नाव सापडलंय.

आणि एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी. अत्याचाराच्या दाव्यांच्या ज्या गुप्त सुनावण्या झाल्या त्यांची कागदं, २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे, १९ सप्टेंबर २०२७ ला नष्ट होणार, ज्यांनी स्वतःहून "माझी ठेवा" म्हणून कळवलं नसेल त्यांची. गुप्ततेचं वचन दिलं होतं म्हणून निकाल योग्यच आहे असं मला वाटतं, पण त्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत, लांबच्या वस्त्यांपर्यंत ही माहिती पोचवायला पैसा आणि माणसं लागतात, आणि हे तेच कंटाळवाणं काम ज्याचा फोटो निघत नाही.

---

सह्यकडा

चर्चचं काय झालं? सगळं सरकारवर बोलतोय आपण. शाळा चालवणारे तेच होते ना, त्यांनी किती दिले?

---

कायदेवाचक

अँग्लिकन, युनायटेड आणि प्रेस्बिटेरियन यांनी आपापला वाटा दिला. कॅथलिक संस्थांनी २००६ च्या करारात २ कोटी ५० लाख डॉलर लोकांकडून जमवायचा शब्द दिला होता, जमले ४० लाखांच्याही आत, आणि २०१५ मध्ये कोर्टातल्या एका व्यवहारात ते उरलेल्या जबाबदारीतून सुटले. त्या निकालावर सरकारने अपील पुढे नेलं नाही. कॅम्लूप्सच्या बातमीनंतर बिशपांनी ३ कोटींचं नवं वचन दिलं, २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस आल्बर्टातल्या मास्क्वासिसला येऊन माफी मागून गेले. अपील का सोडलं या प्रश्नावर वेगळा धागा होईल, कोणाला रस असेल तर मी सुरू करतो.

---

पळसफूल

करा सुरू. आणि ओवी, तुमच्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात शोल लेकचं कोणी बोलायला येणार असेल तर मानधन आधी ठरव, मग आमंत्रण दे. आमच्याकडे गोंडी नाचायला बोलवतात आणि जेवणावर परत पाठवतात, ते तरी तिथे नको.

---

ओवी_विनिपेग

ठरवलंय. मानधन, येण्याजाण्याचं भाडं आणि राहायची सोय, तिन्ही मंडळाच्या बजेटमध्ये वेगळ्या ओळीत लिहून घेतलंय, वर्गणीतून. कार्यक्रम दिवाळीत नाही, फेब्रुवारीत आहे.